तिसऱ्या पट्टीतली खपली

माझं माहेर संगमेश्वराकडचं. लग्न होऊन चाकणच्या पुढच्या एका गावात आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते, सातवीची फायनल पास होते, आणि शेतात उभा असलेला गहू मी आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्याकडे गहू म्हणजे वाण्याकडून पुडीत येणारी वस्तू, तीही सणासुदीला. सोयरीक जमवली मामाने. मामा देहूरोडला लष्कराच्या डेपोत होता आणि आमचे हे त्याच्याच टोळीत काम करत. आठवडाभर ते तिकडे मामाच्या खोलीवर राहायचे, शनिवारी ड्यूटी संपली की सायकल मारत गावी यायचे आणि रविवारी उन्हं कलली की परत निघायचे. म्हणजे लग्न यांच्याशी झालं खरं, पण संसार सुरू झाला तो सासूबरोबर.

तिकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई तेव्हा पंचेचाळिशीच्या आतबाहेर असतील. उंच, काटक, आणि समोरून वारा असल्यासारख्या किंचित पुढे वाकून चालणाऱ्या. सासरे जाऊन दहा वर्षं झाली होती. नांगरटीला आणि मोट हाकायला चुलतदीर यायचे. बाकी सगळं शेत त्यांच्या एकटीच्या अंगावर. बोलणं कमी. पहिले पंधरा दिवस मला वाटलं, मी यांना पसंत नाही. मग कळलं की त्या कुणाशीच फार बोलत नाहीत, आणि बोलतात तेव्हा समोरच्याला काहीतरी काम लागतं.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस झालाच नाही. गणपती गेले आणि आभाळ जे कोरडं झालं ते तसंच राहिलं. विहिरीला पाणी होतं, पण आमचा सगळा कांदा भिजेल एवढंच. गहू पेरावा की रान पडीक ठेवावं, अशी चर्चा गावात चालली होती. अशातच एका शनिवारी आत्याबाई चाकणच्या बाजाराला गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या त्या आठ गुंठे रान सरकारला देऊन.

देऊन म्हणजे एका हंगामापुरतं. शेतकी खात्याचा एक तरुण असिस्टंट बाजारात उभा राहून शेतकऱ्यांना विचारत होता. जुन्या देशी गव्हांपैकी कोणता गहू पाण्यावाचून कसा वाढतो, किती तग धरतो, हे त्याला पाहायचं होतं. अट एकच होती. पाऊस पडला तर पडला, पण विहिरीचा थेंबही घालायचा नाही. लोक हसले. विहीर असताना मुद्दाम पीक वाळवायचं, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. पिंपरीला औषधांचा कारखाना निघालाय, तिथून गव्हाच्या तहानेवर औषध आणा, असंही कुणी म्हणालं.

आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात दोन वर्षांपासून एक प्रश्न होता. दोन वर्षांपूर्वी विहीर तळाला गेली तेव्हा त्यांचा सगळा गहू वाळला होता, पण बांधाच्या कडेला पाचपन्नास रोपं मात्र उभी राहिली आणि त्यांच्या ओंब्या भरल्या. बियाणं मिसळलेलं होतं, त्यामुळे ती रोपं कोणत्या गव्हाची हे कधी कळलंच नाही. त्या असिस्टंटपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "कंचा गहू तहान सोसतो ते कळलं, तर आमाला सांगाल का? का कागद घिऊन पुण्याला जाल?"

तो म्हणाला, "मावशी, आधी तुम्हाला सांगेन. मग पुण्याला."

हे सगळं मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. आत्याबाईंनी घरी येऊन एवढंच सांगितलं की मंगळवारी एक साहेब येणार आहे, चहा टाक.

साहेब आला. पंचविशीचा असेल, सोलापूरकडचा, खाकी अर्धी विजार, सायकलच्या कॅरियरला चार छोट्या पिशव्या बांधलेल्या. पुढे सगळं गाव त्याला शेतकीसाहेब म्हणायला लागलं, म्हणून मीही इथे तसंच म्हणते. त्यांनी ओट्यावर सूप मागवलं आणि चारही पिशव्यांतले दाणे चार कोपऱ्यांत ओतले. मी दाराआडून बघत होते. बन्सी, बक्षी, काळं कुसळ आणि खपली, अशी नावं त्यांनी सांगितली. पहिले तीन मला सारखेच दिसले. चौथी खपली मात्र वेगळी होती. तिचा दाणा टरफलात होता, थेट आमच्या भातासारखा. टरफल काढायला ती कांडावी लागते, असं ते म्हणाले. माहेर सोडल्यापासून चार महिन्यांत ओळखीचं काही पहिल्यांदाच दिसलं होतं. मी त्या कोपऱ्याकडेच बघत राहिले.

मग त्यांनी विचारलं, घरात लिहिता-वाचता कुणाला येतं? त्यांना आठवड्यातून एकदाच येणं जमणार होतं. मधल्या दिवसांत रोपांची मापं घेऊन लिहून ठेवणारं कुणीतरी हवं होतं. मला वाटलं आत्याबाई यांचं नाव सांगतील, शनिवारी येतात म्हणून. त्यांनी मागे वळूनही न पाहता सांगितलं, "ही कोकणातनं शाळा शिकून आलीया. ही लिवंल."

नवी सून, डोक्यावर पदर, हातात वही घेऊन रानात फिरणार, हे चुलतदिरांना रुचलं नाही. ते तसं बोललेही. आत्याबाईंनी त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं आणि बैलांना पाणी दाखवायला उठून गेल्या.

पेरणी कार्तिकात झाली. आठ गुंठ्यांच्या बारा पट्ट्या पाडल्या. प्रत्येक गहू तीन ठिकाणी, आणि कोणत्या पट्टीत कोणता ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे एकाच गव्हाच्या वाट्याला चांगली माती येऊ नये. आत्याबाईंना हे फार पटलं. न्याय बरोबर हाय, असं त्या दोनदा म्हणाल्या. मात्र पेरायची खोली त्यांनी साहेबांना ठरवू दिली नाही. जमिनीत हात घालून त्यांनी माती वर काढली, मुठीत दाबली, आणि लाडू वळला गेला तिथपर्यंतची खोली बोटांनी मोजून दाखवली. वरची चार बोटं माती कोरडी ठणठणीत होती. दाणा ओलीत पडला नाही तर तुमचा कागद तिथंच संपला, असं त्यांनी समजावलं. साहेबांच्या छापील कागदावर कमी खोली होती. त्यांनी कागद बघितला, मातीचा लाडू बघितला, आणि कागद खिशात घातला. मला त्या माणसाबद्दल आदर वाटायला लागला तो त्या क्षणापासून. चुलतदिरांनी पाभर हाकली, आत्याबाई मागून मूठमूठ बी सोडत गेल्या. नवव्या दिवशी बाराही पट्ट्यांत हिरवे कोंब वर आले. गावात ज्यांनी वरवर पेरलं होतं त्यांची रानं निम्मी उघडी राहिली.

माझं काम असं. प्रत्येक पट्टीत पाच रोपांना लाल दोरा बांधलेला, अशी साठ रोपं. दर आठव्या दिवशी त्यांची उंची मोजायची, फुटवे मोजायचे, पानांचा रंग लिहायचा. यांनी देहूरोडच्या बाजारातून मला लाकडी फूटपट्टी आणि दोन पेन्सिली आणून दिल्या. डेपोतले लोक यांना विचारायचे म्हणे, काय राव, मास्तरणीची गव्हाची शाळा भरते का? हे चिडायचे नाहीत. मला वाटतं त्यांना ते आवडत होतं.

सुरुवातीला मला लाज वाटायची. पाणंदीने जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. मी वाकून रोप मोजत असले की एखादी विचारायची, किती बोटं वाढलं गं? पण महिन्याभरात मला रोपं ओळखू यायला लागली, वर्गातली मुलं ओळखावीत तशी. बन्सी सुरुवातीपासून उंच, दिमाखदार. बक्षीचं पान राखट, त्यावर मेणासारखा थर, बोट फिरवलं की बोटाला लागायचा. काळं कुसळ बुटकं आणि कंजूष; फुटवे दोन, फार तर तीन. आणि खपली भरपूर फुटव्यांची, हिरवीगार, पसरलेली. तिच्या पानावर हात ठेवला की मला घरची भातलावणी आठवायची. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की खपलीच जिंकणार.

पौषात परीक्षा सुरू झाली. थंडी होती, पण ओल खाली खाली निघाली होती. दुपारी पानं वळायला लागली. शेतकीसाहेबांनी एक रकाना वाढवला, दुपारी पान वळतं का. आत्याबाईंनी त्यात भर घातली. वळतं ते समदेच वळतं, म्हणाल्या; दिवस बुडायच्या टायमाला परत उलगडतं का ते बघ. मग मी दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा जायला लागले. काळ्या कुसळाचं पान दुपारी सुईसारखं गुंडाळलेलं असायचं, आणि उन्हं उतरली की सगळ्यांच्या आधी उलगडायचं. खपलीचं पान उशिरा वळायचं, आणि एकदा वळलं की दुसऱ्या सकाळपर्यंत तसंच राहायचं. लवकरच तिची खालची पानं पिवळी पडली, मग तांबडी.

शेजारीच आमचा कांदा होता. मोटेचं पाणी गव्हाच्या कडेने पाटातून खळखळत कांद्याला जायचं. गव्हाची शेवटची पट्टी त्या पाटापासून सात-आठ पावलांवर. रोज दिसायचं: इकडे भिजलेला कांदा, तिकडे तडे गेलेली जमीन. गावातले लोक आत्याबाईंना बोलायचे. कुणी म्हणायचं, म्हातारीला सरकारने काय पाजलं? त्या कांद्याच्या वाफ्यात खुरपत राहायच्या. पण मी पाहिलं की त्या आता न्याहारीला गव्हाच्या बांधावर बसत नाहीत. भाकरी घेऊन पार पलीकडे, चिंचेच्या मागे जातात. एकदा मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "तहानेल्या पिकासमोर पाणी घशाखाली उतरत न्हाई."

हे वाक्य मी फार मनावर घेतलं, आणि चुकीच्या बाजूने घेतलं.

पुढच्या शनिवारी आत्याबाई बाजाराला गेल्या. चुलतदीर मोट सोडून जेवायला गेले. मी खपलीच्या तिसऱ्या पट्टीपाशी उभी राहिले, पाटाजवळच्या. रोपं जमिनीला टेकली होती. मी घागर घेतली, पाटात साठलेल्या पाण्यात बुडवली आणि पट्टीत ओतली. मग दुसरी. दहा घागरी घातल्या. त्या वेळी मला पाप वाटलं नाही. एखाद्या आजाऱ्याला लपून पेज पाजावी तसं वाटत होतं. जमिनीने पाणी असं ओढून घेतलं की अर्ध्या तासात वरून काही कळू नये.

मंगळवारपर्यंत पट्टीने मान वर केली. गुरुवारी शेतकीसाहेब आले आणि तिथेच थबकले. बाकीच्या दोन खपलीच्या पट्ट्या मरगळलेल्या, आणि ही ताजी. त्यांनी खाली बसून फुटवे मोजले, पानं उलटीपालटी करून पाहिली. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला बघवेना. इथे जमिनीत काही वेगळं आहे, किंवा खपलीत ताणानंतर सावरायची ताकद आहे, असं ते स्वतःशीच बोलत होते. वरच्या साहेबांना आजच कळवतो, म्हणाले. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते. आत्याबाई त्यांच्या पलीकडे उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी पट्टीतली चिमूटभर माती उचलली, चोळली आणि टाकून दिली.

साहेब गेल्यावर आम्ही दोघी घरी आलो. मी भाजी निवडायला बसले. त्या समोर येऊन बसल्या आणि मेथीची एक काडी उचलली.

"किती घागरी घातल्यास?"

"दहा," मी म्हणाले, आणि रडायला लागले.

त्या रागावल्या नाहीत. मी रडून होईपर्यंत त्यांनी अर्धी जुडी निवडली. मग विचारलं, वहीत काय लिहिलंयस? मी सांगितलं, उंची आणि फुटवे लिहिलेत, पाण्याचं नाही. त्यांनी मान हलवली आणि विषय तिथेच ठेवला.

शनिवारी हे आले तेव्हा त्यांना सगळं कळलं. यांचं म्हणणं सरळ होतं. बारा पट्ट्यांतली एक. कुणाला कळणार आहे? उलट लिहिलं तर साहेब चिडेल, प्रयोग बंद करेल, गावात आपलं हसं होईल. शिवाय नव्या सुनेचं नाव सरकारी वहीत चोर म्हणून कशाला? यांच्या बोलण्यात माझी काळजी होती आणि मला ते ऐकायला बरं वाटत होतं. आत्याबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि यांच्याकडे नाही, माझ्याकडे वळल्या.

"दोन महिनं मी इहिरीला पाणी असताना पीक तहानेलं ठिवलं," त्या म्हणाल्या. "लोकांचं ऐकलं. ते कशापायी? खरं काय ते कळावं म्हणून. आता उद्या कुणी ती वही वाचून जिराईत रानात खपली पेरंल. त्याचं रान वाळलं तर ते तुज्या धा घागरींनी वाळलं. लिव."

मी वही आणली आणि त्यांच्यासमोर लिहिलं. वार, दहा घागरी, कोणती पट्टी, कुणी घातल्या. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. जेवताना यांनी आईच्या ताटात स्वतःच्या हाताने कालवण वाढलं. ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी शेतकीसाहेबांनी नेहमीसारखी वही उघडली. मी खांबाला धरून उभी होते. त्यांनी ते पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पेन्सिल मागून तिसऱ्या खपलीच्या रकान्यांवर उभी रेघ मारली. ही पट्टी बाद, म्हणाले. त्यांचं पत्र आदल्याच आठवड्यात टपालात पडलं होतं. म्हणून ओट्यावर बसूनच त्यांनी दुसरं पत्र लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. त्यात माझं नाव नव्हतं. पट्टीची जागा पाटाजवळ निवडण्यात आपली चूक झाली, तिला बाहेरचं पाणी मिळालं, तरी आधीचा निष्कर्ष धरू नये, असं होतं.

आत्याबाई म्हणाल्या, चूक हिची, तुमची कशी?

"वहिनींनी एक पट्टी घालवली," ते म्हणाले, "पण बाकीच्या अकरांवर आता मी डोळे मिटून विश्वास ठेवीन. ते माझ्या फायद्याचंच आहे."

एवढं बोलून ते चहा प्यायले आणि मोजमापाला गेले. वयाने माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा माणूस. मी त्या आठवड्यात दोन माणसांकडून जे शिकले ते शाळेत सात वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर आत्याबाईंचा त्या प्रयोगातला रस वाढलाच. एके दिवशी मी फूटपट्टी घेऊन निघाले तर त्या कुदळ आणि खुरपं घेऊन बरोबर आल्या. वर काय मापतीस, खाली बघू, म्हणाल्या. प्रत्येक गव्हाच्या एकेका पट्टीच्या टोकाला, लाल दोऱ्याच्या रोपांपासून लांब, त्यांनी चर खणायला घेतला. मांडीएवढा खोल. मग चरात उतरून, बाभळीच्या काटकीने माती टोकरत टोकरत त्या मुळं मोकळी करायला लागल्या. चार दिवस चाललं ते काम. रोज सकाळी दोन तास, मान वाकडी करून. मूळ तुटू नये म्हणून त्या श्वास रोखून धरायच्या. मी वर बसून त्या सांगतील ते लिहायची.

खपलीची मुळं वरच्या वितीतच झुपक्यासारखी पसरली होती. बन्सीची थोडी खाली. बक्षीची त्याहून खाली. आणि काळ्या कुसळाच्या त्या दोन-तीन फुटव्यांच्या रोपाखालून बारीक दोऱ्यासारखी मुळं सरळ खाली, माती संपून मुरूम लागतो तिथपर्यंत पोचलेली. तिथला मुरूम हाताला गार लागत होता. आत्याबाईंनी माझा हात धरून चरात खेचला आणि माझी बोटं तिथे लावली. त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच इतकं उघड हसू पाहिलं. दोन वर्षांपूर्वी बांधाच्या कडेला उभी राहिलेली रोपं कुणाची होती, ते त्यांना बहुतेक त्याच वेळी कळलं.

शेतकीसाहेबांच्या कागदावर मुळांचा रकानाच नव्हता. ते चरात उतरले आणि तासभर वर आले नाहीत. चारही मुळांची चित्रं त्यांनी काढली, आणि प्रत्येक चित्राखाली आत्याबाईंच्या विती आणि बोटं जशीच्या तशी लिहिली.

काळं कुसळ सगळ्यांच्या आधी निसवलं. त्याच्या ओंब्या बाहेर पडल्या तेव्हा खपलीची ओंबी अजून पानांच्या पोटरीतही आली नव्हती. ओल संपायच्या आत त्याचे दाणे भरून झाले होते. बन्सी शेवटपर्यंत उंच राहिला, पण ओंबीत दाणे सुरकुतले. बक्षीने बरा दाणा आणि चांगलं काड दिलं. खपलीच्या दोन खऱ्या पट्ट्यांत कापण्यासारखं फारसं नव्हतं. मी त्या स्वतः कापल्या.

होळीच्या आधी वरचे साहेब जीपमधून आले. पन्नाशीचे, चष्मा लावणारे, हळू बोलणारे. त्यांनी खळ्यावर उभं राहून चार गव्हांचे ढीग पाहिले, दाणे दाताखाली फोडले, आणि मग ओट्यावर बसून वही वाचायला घेतली. वाचता वाचता एका पानावर थांबले. मला पान ओळखू आलं. त्यांनी वर बघून विचारलं, या दहा घागरी कुणी घातल्या? माझी मान वर होईना.

आत्याबाई म्हणाल्या, "हिनं. आन् लिवलंय बी हिनंच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. वही मिटून दोन्ही हातांनी शेतकीसाहेबांकडे दिली. नंतर त्यांनी आत्याबाईंना विचारलं की पुढच्या साली तुम्ही यातला कोणता पेराल. त्या म्हणाल्या, माळाच्या रानात काळं कुसळ, आणि पाटाच्या कडेला चार ओळी खपली. खपली तर हरली ना, असं ते म्हणाले.

"ती वाईट न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "तिला पाण्याजवळ जागा द्याया पायजे. जिथली तिथंच."

साहेबांनी खिशातली डायरी काढली आणि ते लिहून घेतलं.

शेतकीसाहेबांनी शब्द पाळला. वही पुण्याला नेण्याआधी त्यांनी बाजाराच्या दिवशी आत्याबाईंना बरोबर घेतलं आणि जिथे लोक हसले होते तिथे उभं राहून काय दिसलं ते सांगितलं. अर्धं त्यांनी सांगितलं, मुळांचं आत्याबाईंनी. आमच्या खळ्यावरचं काळं कुसळ त्या उन्हाळ्यात बियाण्यासाठी सात-आठ घरांत गेलं. पावसाळ्यात त्यांची बदली झाली, नगर जिल्ह्यात. जाताना ते निरोप घ्यायला आले आणि आत्याबाईंच्या पाया पडले. त्या ओशाळल्या, त्यांना पायलीभर कांदे बांधून दिले.

पुढचं वर्ष अगदी उलट गेलं. पाऊस चांगला झाला, विहीर काठोकाठ. काळं कुसळ पेरलं होतं त्या रानालाही आम्ही दोनदा पाणी दिलं. गहू असा माजला की माझ्या छातीला लागायला लागला. आम्ही खूश होतो. मग माघात एका दुपारी वावटळ आली आणि सगळा गहू आडवा पडला, बांधापासून बांधापर्यंत. बुटका आणि कंजूष म्हणून ओळखलेला तो गहू पाणी मिळाल्यावर स्वतःचं वजनही पेलू शकला नव्हता. पाटाकडेची खपली मात्र ताठ उभी.

आत्याबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं, त्या खचतील. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, तहानेला खरा हाय, पाण्याला खोटा. इतकंच. पडलेला गहू विळ्याने ओढून कापता येत नाही, एकेक मूठ उचलून सोडवावा लागतो. त्यांनी आणि चुलतदिरांनी मिळून ते रान बारा दिवसांत कापलं. हे रजा काढून चार दिवस आले. मला सातवा महिना होता, म्हणून मला हात लावू दिला नाही. मी सावलीत बसून पेंढ्या बांधायला काडाचे वळ करत होते, आणि मधूनमधून आत्याबाई कमर सरळ करायला उठायच्या तेव्हा त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन द्यायची. यंदा त्या तिथेच, गव्हासमोर उभ्या राहून प्यायच्या.